लिहून आण, सही करतो

म्हात्रे सरांनी नोकरीच्या सबंध काळात एकाही विद्यार्थ्यासाठी शिफारसपत्र लिहिलं नाही. "लिहून आण, सही करतो," एवढंच म्हणायचे. विद्यार्थी स्वतःची स्तुती स्वतःच टाइप करून आणायचा आणि सर ती न वाचता खाली हिरव्या शाईने सही ठोकायचे. राजपत्रित अधिकारी नव्हते, पण शाई हिरवीच लागायची.

रोह्याच्या कॉलेजात ते माझे पीएचडीचे गाइड होते. मी पेणला राहायचे आणि धाटावला एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी करायचे. खाडीलगतच्या खाऱ्या मातीतले जिवाणू हा माझा विषय. सुट्टीच्या दिवशी सरांच्या वर्गातल्या मुलांची प्रॅक्टिकल्स मी घ्यायचे, सर केबिनमध्ये पेपर वाचायचे. मला त्यांचा राग यायचा. अजूनही येतो.

नॉर्वेच्या एका विद्यापीठाची पोस्टडॉकची जाहिरात आली. समुद्राचं पाणी शिरलेल्या जमिनीवर संशोधन, तीन वर्षांची पगारी नोकरी. माझाच विषय. अट एकच नडत होती: अर्जाच्या मुदतीआधी पीएचडी पूर्ण हवी. आणि माझ्या व्हायव्हाची तारीख सर लांबवत होते.

"नॉर्वेत काय हाय गो? थंडी न् मासे. मासे रोह्यात पण हायत. तू गेलीस तर प्रॅक्टिकल कोण घेणार?"

मी रजा टाकली आणि रोज केबिनबाहेर जाऊन बसले. कंटाळून त्यांनी तारीख दिली. पीएचडी मिळाल्याचं पत्र मुदतीच्या चार दिवस आधी हातात पडलं.

अर्जात शिफारसपत्र मागितलंच नव्हतं. दोन माणसांची नावं आणि फोन नंबर द्यायचे, विद्यापीठ स्वतः विचारणार. पहिलं नाव गाइडचंच द्यायचं असतं असं समजून मी दिलं. ती चूक माझी.

मुलाखत चांगली झाली. आठवड्याने सर व्हरांड्यात भेटले, खुशीत होते.

"फोन आलता गो नॉर्वेवरून! लय कौतुक केलं तुझं. म्हटलं, व्हेरी ओबिडियंट. सांगू तेवढंच करते, उलटा प्रश्न नाय."

"सर, त्यांना स्वतंत्रपणे काम करणारं माणूस हवंय. जाहिरातीत लिहिलंय तसं."

"मग? ओबिडियंट काय वाईट हाय?"

दोन दिवसांनी नकार आला. सरांनी हे न कळून केलं की मुद्दाम, मला माहीत नाही. माझ्या दृष्टीने फरकही पडत नाही.

नॉर्वेचीच पुढची जाहिरात आली तेव्हा सरांच्या जागी कंपनीतले आमचे लॅबप्रमुख इब्राहिमभाई यांचं नाव दिलं.

"काय सांगू फोनवर?" त्यांनी विचारलं.

"खरं तेच."

त्यांनी सांगितलं, बाई सगळ्यांशी भांडते, पण शेवटी रीडिंग तिचंच बरोबर निघतं. ती जागा मला मिळाली.

गेल्या महिन्यात सर निवृत्त झाले. कॉलेज त्यांची गौरविका काढतंय. मला नॉर्वेत त्यांचा मेसेज आला: "माझी परदेशातली विद्यार्थिनी म्हणून दोन पानं लिही. फोटो पण पाठव."

मी उत्तर दिलं, "सर, लिहून पाठवा, सही करते."

तासाभरात दोन पानं आली. पहिलीच ओळ होती: 'मी सरांची आज्ञाधारक विद्यार्थिनी.'

सही केली नाही.