पिवळी विरुद्ध इंदु-१

पौषात पुंडलिकराव भोयरांच्या घरात दोन जीव एकाच वेळी अंड्यांवर बसले होते. गोठ्यातल्या डालीत त्यांच्या बायकोची, इंदुताईंची, पिवळी कोंबडी आणि ओसरीवर टेबलापाशी, स्टुलावर, खुद्द पुंडलिकराव. पिवळी निदान दिवसातून एकदा उठून दाणे टिपे, पाय मोकळे करी. पुंडलिकरावांना तेवढीही सवड नव्हती.

ह्या सगळ्याची सुरुवात संडासापासून झाली. सांगायला बरं वाटत नाही, पण झाली तिथूनच.

कळंबला, चिंतामणीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पुंडलिकरावांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. टीव्ही पेटाऱ्याएवढे होते तोवर दुकान चाललं. मग टीव्ही भिंतीला चिकटणारे झाले, बिघडले की लोक नवाच आणू लागले, आणि एक दिवस पुंडलिकरावांनी दुकानातलं टेबल बैलबंडीत घालून घरी आणलं. शेत मुलानं हाती घेतलं होतं. पण बोटांची खाज काही जाईना. मोबाइलवर व्हिडिओ पाहता पाहता त्यांना मायक्रोकंट्रोलर सापडला. करंगळीएवढी काळी चिप, दोन्ही अंगांना गोमेसारखे पाय, आणि कॉम्प्युटरवरून सांगाल ते निमूट लक्षात ठेवणारी.

“सांगतलं थे आयकते फुलसिंगभाऊ, उलटून बोलत नाही,” असं त्यांनी आपल्या तांड्यावरच्या दोस्ताला मोठ्या कौतुकानं सांगितलं. इंदुताई आतून ऐकत होत्या, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

त्या चिपेवर त्यांनी पहिला काढला तो संडासाचा दिवा. माणूस आत गेला की आपोआप लागे, हालचाल थांबली की थोड्या वेळानं विझे. आता संडासात बसलेला माणूस हालचाल तरी किती करणार? घरच्यांना सवय झाली. आत बसून मधून मधून आरती ओवाळल्यासारखा हात फिरवायचा. पण पुसदचे व्याही आले, त्यांना ही रीत सांगायची राहिली.

“भोयरसायेब, लाइट गेली वाट्टे!” आतून आवाज आला.

“गेली नाही जी! हात हालवा, हात!” पुंडलिकराव अंगणातून ओरडले.

ओसरी माणसांनी भरलेली. व्याह्यांनी आत काय हलवलं ते त्यांचं त्यांना ठाऊक, पण जाताना ते चहालाही थांबले नाहीत.

“बस झालं,” इंदुताई म्हणाल्या. “हे टेबल, ह्या वायरी, हे डबे, सारं उचला. त्या जागी माह्या तुरीचे पोते-कट्टे ठेवीन मी.”

“एक चान्स दे.”

“कायचा चान्स?”

पुंडलिकरावांनी इकडेतिकडे पाहिलं. अंगणात पिवळी पिसं फुलवून, कुडूक कुडूक करत, डोळे वटारून फिरत होती. खुडूक झाली होती. आता तिला अंड्यांवर बसवायचं होतं. पुंडलिकरावांच्या तोंडून निघून गेलं, “अंडे उबवायची मशीन करतो. तुह्या कोंबडीपेक्षा एक तरी पिल्लू जास्त काढून दाखवतो.”

“माह्या पिवळीपेक्षा?” इंदुताई इतक्या हसल्या की सूप खाली ठेवावं लागलं.

तिथेच अट ठरली. पिवळीची पिल्लं जास्त निघाली तर टेबल उचलायचं आणि पुंडलिकरावांनी जन्मात पुन्हा वायरीला हात लावायचा नाही. मशीनची जास्त निघाली तर इंदुताईंनी टेबलाचं नाव काढायचं नाही. पंच फुलसिंग, आणि अंडीही त्याच्याच घरची. दहा पिवळीला, दहा मशीनला.

अट ठरल्यावर पुंडलिकराव टेबलापाशी जाऊन बसले. टेबल गेलं तर सकाळी उठून बसायचं कुठे? पारावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या पाहायच्या? गावात असे पाचसहा जण होते, आणि त्यांच्याशेजारी सातवी जागा मोकळीच होती.

ते कामाला लागले. युक्ती तशी सरळ होती. थर्माकोलच्या खोक्यात एक बल्ब, जुन्या कॉम्प्युटरातला छोटा पंखा, आणि ऊब मोजणारा सेन्सर. ऊब कमी झाली की चिपेला कळणार, चिप रिलेला, म्हणजे आपोआप चालणाऱ्या खटक्याला, सांगणार, रिले बल्ब लावणार. वाढली की विझवणार. हे सर्किट त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर काढलं. मग कॉम्प्युटरवर बोर्डाचा नकाशा केला, कुठून कुठे तांब्याची वाट जाणार त्याचा, आणि कोपऱ्यात नाव टाकलं: ‘इंदु-१’. बायकोचं नाव दिलं तर बायको जरा मऊ होईल, असा त्यांचा अंदाज.

कळंबच्या झेरॉक्सवाल्याकडून नकाशा चकचकीत कागदावर छापून आणला. तांबं चढवलेल्या पट्टीवर कागद पालथा घातला आणि वरून गरम इस्त्री फिरवली. शाई तांब्यावर उतरली. मग पट्टी तांबं खाणाऱ्या तपकिरी पाण्यात बुडवली. जिथे शाई, तिथलं तांबं राहिलं. बाकीचं विरून गेलं. इंदुताईंचा लोणच्याचे आंबे धुवायचा टब तपकिरी झाला तो कायमचा.

पट्टी धुऊन त्यांनी उजेडात धरली. नाव उलटं आलं होतं, आरशात दिसतं तसं. कागद पालथा पडतो म्हणून मुळात छापतानाच उलटं छापायचं असतं, हे ते विसरले होते. आणि नाव उलटं म्हणजे सगळ्या वाटाच उलट्या. चिपेचा डावा पाय यायचा तिथे उजवा.

“माहं नाव कायले उलटं केलं?” इंदुताईंनी विचारलं.

“डिझाइन हाय थे.”

दुसरी पट्टी नव्हती. शेवटी त्यांनी चिपेसकट सगळं सामान उलट्या अंगानं, तांब्याच्या बाजूनंच बसवून तापल्या कांडीनं शिशाचा डाग दिला. वरून पाहिलं तर बोर्ड कोरा. सगळा संसार पोटाखाली.

“कोंबडी बी सारं पोटाखालीच घेते,” ते फुलसिंगला म्हणाले.

पहिल्या चाचणीला रिले सुटला: टक-टक-टक-टक. बल्ब लागे-विझे, लागे-विझे.

“भाऊ,” फुलसिंग म्हणाला, “हे अंडे उबवायचं हाय का डीजे लावायचा हाय?”

चूक बारीकच होती. लावायची आणि विझवायची रेघ एकच ठेवल्यामुळे बल्ब लागला की ऊब रेघेच्या वर, विझला की खाली. दोन रेघांमध्ये थोडी जागा सोडली तसं ते झटके आलेलं पोर शांत झालं.

मग सेन्सर खरं बोलतो की खोटं, हे पाहणं आलं. पुंडलिकरावांनी तो आधी स्वतःच्या काखेत धरला. माणसाचं जमलं. पण कोंबडीच्या पोटाखाली नेमकं किती असतं? व्हिडिओवाले सांगत होते साडेसदतीस. पण व्हिडिओवाल्यांनी पिवळीला कुठे पाहिलं होतं? इंदुताई कापूस वेचायला शेतात गेल्या तशी त्यांनी सेन्सरची लांब वायर घेतली, गोठ्यात उकिडवे बसले आणि पुचकारत पुचकारत वायर पिवळीच्या पोटाखाली सारली. पिवळीनं एकच टोचा मारला. अंगठ्याच्या बुडाशी, जिथे कधीकाळी टीव्हीच्या करंटनं मारलं होतं, बरोबर तिथेच. ते ओरडले, आणि विसरलेला डबा न्यायला परत आलेल्या इंदुताई दारात उभ्या.

“कॉपी करून राह्यले काय? माह्या पिवळीच्या पेपरात पाहून?”

“तपासून राह्यलो फक्त.”

“मंग तिले बी तुमच्या खोक्यात डोकावू द्या एकडाव.”

पण त्या कॉपीतून एक गोष्ट हाती लागली. पिवळी बसल्या बसल्या चोचीनं अंडी फिरवत होती. म्हणजे मशीनलाही फिरवावी लागणार. पुंडलिकरावांनी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं एका अंगाला फुली, दुसऱ्या अंगाला गोल काढला आणि चिपेला शिकवलं की ठरल्या वेळी बझर वाजव. पीं पीं झालं की फुल्या खाली, गोल वर. पुन्हा पीं पीं झालं की गोल खाली. इंदुताईंनी पिवळीखालच्या अंड्यांना नेहमीप्रमाणे कोळशाची रेघ ओढलेली होतीच, दुसऱ्या कोंबडीचं ताजं अंडं मिसळू नये म्हणून.

त्या दिवसापासून पुंडलिकरावांचा मालक बझर झाला. शेजारी तेरवीची पंगत बसली होती, पानात बुंदी पडली, आणि भिंतीपलीकडून पीं पीं ऐकू आलं. पुंडलिकराव उठले.

“कोठी चालले भाऊ?” वाढणाऱ्यानं विचारलं.

“अंडे फिरवायले.”

“घ्या! भोयरभाऊ खुडूक झाले!” कोणीतरी म्हणालं, आणि दुखवट्याची पंगत असून सगळी पंगत हसली.

शेवटची करामत त्यांनी केली ती बॅटरीची. डीपीचा, म्हणजे गावच्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरचा, भरवसा नव्हता, म्हणून मोटारसायकलची बॅटरी जोडून ठेवली. लाइट गेली तरी चिप झोपणार नाही, आणि खोका थंड पडू लागला की मोठ्यानं भोंगा करील. फुलसिंगला त्यांनी ते तीनदा समजावून सांगितलं.

पिल्लं निघायला दोनतीन दिवस उरले होते, आणि ह्या दिवसांत अंडी फिरवायची नसतात म्हणून बझर वाजला तरी पुंडलिकराव खोक्याला हात लावत नव्हते. जास्तीचा एक बल्ब असू द्यावा म्हणून दोघं फुलसिंगच्या गाडीवर कळंबला गेले. बल्ब घेऊन पैसे देतात तोच मुलाचा शेतातून फोन: डीपी उडाली, गावात लाइट नाही.

“उडू दे,” पुंडलिकराव म्हणाले. “बॅटरी हाय.” गाडीवर मागे बसले. आणि अर्ध्या रस्त्यात त्यांनी फुलसिंगच्या खांद्यावर थाप मारली. “थांब! थांब! बॅटरी चिपेले हाय. बझरले हाय. बल्बले नाही!”

“म्हंजे?”

“म्हंजे थंडी पडली त मशीन रडीन फक्त. करीन काहीच नाही.”

“माह्या जावयावानी,” फुलसिंग म्हणाला आणि गाडी पिटाळली.

घरी पोचले तर लाइट नुकतीच आली होती. पुंडलिकरावांनी खोक्यावर झडप घातली. बल्ब चालू, काटेकोर साडेसदतीस, अंडी ओळीत. इंदुताई ओसरीवर तूर पाखडत होत्या. त्यांच्या अंबाड्यात एक पिवळं पीस अडकलं होतं.

“लाइट किती वेळ नव्हती?”

“मले काय मालूम? मी काय घड्याळ बांधून बसली होती?”

“पाह्यलं?” पुंडलिकरावांची छाती फुगली. “तुह्या नावाच्या मशीनीनं तग धरला! बिना लाइटीची!”

एरवी अशा बढाईचा इंदुताईंनी भुगा केला असता. त्या दिवशी नुसतं “व्हय” म्हणाल्या आणि पाखडत राहिल्या. इतक्या वर्षांत बायकोनं पहिल्यांदा वाद न घालता मान्य केलं, एवढ्यावरून तरी माणसाला शंका यावी. पुंडलिकरावांना आली नाही.

टरफलं फुटली, पिल्लं वाळून पायांवर उभी राहिली, तसा फुलसिंग डोक्याला नवा गमचा बांधून मोजणीला आला. मशीनची निघाली सात. पिवळीची आठ.

पुंडलिकरावांनी डाग द्यायच्या कांडीची पिन भिंतीतून काढली आणि कांडी गार व्हायची वाट पाहत उभे राहिले. मग वायरीची वळकटी करायला घेतली. ती वळकटी नीट बसेना. सोडली, पुन्हा केली. इंदुताई चुलीपाशी पाठ करून उगाच लाकडं मागेपुढे सारत होत्या.

पंचानं दोन्ही जागा नीट पाहायच्या म्हणून फुलसिंग पुन्हा गोठ्यात गेला होता. तो तळहातावर अर्धं टरफल घेऊन बाहेर आला.

“इंदुवयनी, पिवळीले लिवता येते काय?”

“काहून?”

“नाही, इच्यारलं आपलं. हे फुली कोणं मारली?”

पुंडलिकरावांनी वायर टाकली आणि खोक्यातली टरफलं उलटीपालटी केली. तिथे एका टरफलावर कोळशाची रेघ होती. दोघांनी इंदुताईंकडे पाहिलं.

“पाहता काय असे?” त्या उसळल्या. “थे तुमचं यंत्र असं रडे, असं रडे, जसं पाळण्यातलं लेकरू! घरी कोणी नाही. कान दाबून पाह्यले. मले आयकवेना. घेतले सारे पदराच्या ओट्यात आन् सारले पिवळीखाली. बिचारीनं पंख ताणून ताणून घेतले. मावेना त मी गोधडी पांघरून बाजूले बसली. लाइट आल्यावर घाईघाईत हाती लागले थे दहा उचलून आणून ठेवले. मशीनीचे कोणते आन् पिवळीचे कोणते, थे अंड्यायलेच इच्यारा.”

“अवो, पण तू तवा चूप बसली असती त तूच जिंकली असती,” पुंडलिकराव म्हणाले.

“अंडे मारून जिंकू? तुमच्या टेबलापायी?”

“याडी!” फुलसिंगनं तांड्यावरच्या बोलीत आईला हाक घातली आणि खाटेवर बसला. “पंधरा लेकरं, आन् माय कोणाची कोण, पत्ता नाही. सामना रद्द.”

“आन् टेबल?” पुंडलिकरावांनी हळूच विचारलं.

उत्तर इंदुताईंच्या ओठांवर आलं होतं. काय होतं ते कधीच कळलं नाही, कारण तेवढ्यात टेबलावरचा बझर वाजला. तो बंद करायचा राहिला होता. पीं पीं होताच खोक्याबाहेर काढलेली सातही पिल्लं लगालगा धावली आणि टेबलाखाली घोळका करून, माना वर करून चिवचिवू लागली. अंड्यात असल्यापासून त्यांनी तोच आवाज ऐकला होता. गोठ्यातून पिवळी घसा खरवडून बोलावत होती. एकही तिकडे पाहीना. इंदुताईंनी कणी टाकली, पुचकारलं, पदरानं हाकललं. पिल्लं टेबलाचा पाय सोडेनात.

इंदुताईंनी कमरेवर हात ठेवले.

“आता हे टेबल उचललं त हे लेकरं कोठी जातीन?” त्या कोणाकडेच न पाहता म्हणाल्या. “राहू द्या. पण संडासाले उद्या साधी बटन लावा. खटका दाबला का लागीन, दाबला का विझीन, अशी.”

बटन दुसऱ्या दिवशीच लागली.

महिन्याभरानं पुंडलिकरावांनी ‘इंदु-२’ काढायला घेतला, बल्बलाही बॅटरी असलेला. कळंबहून नकाशा छापून आणला, पट्टी घासून चकचकीत केली, इस्त्री तापवली. इंदुताईंनी कागद उचलला आणि खिडकीशी नेऊन निरखला.

“माहं नाव सुलटं दिसून राह्यलं.”

“मंग? सुलटंच पाह्यजे ना या बारीनं.”

“कागद पालथा पडते ना? मंग कागदावर उलटं पाह्यजे. कितीकडाव सांगू? जा, पुन्हा छापून आणा. आन् इस्त्री ठेवा इकडं. इस्त्री मी करीन, तुम्ही कोपरे जाळता.”

पुंडलिकरावांनी सांगितलं ते ऐकलं, उलटून बोलले नाहीत, आणि चपला घालून कळंबला निघाले.