मावशीची चांगली वर्तणूक

तुरुंगात गेलेल्या माणसाने तुरुंगाची हवा खाल्ली असं आपण म्हणतो. मावशीचं उलटं होतं. तिने हवा खाल्ली ती बाहेर, अकरा वर्षं, इस्पितळाच्या भिंतीला लागून असलेल्या फुटपाथवर, कारण दुसरं काही खायला रोज मिळेलच असं नव्हतं. आत आल्यावर मात्र दोन वेळचं जेवण, लोखंडी खाट, दोन कांबळी आणि रक्तदाबाची गोळी असा तिचा संसार लागला. संसार हा शब्द तिचाच.

आत येण्याचं कारण इतकंच की फुटपाथवर झोपलेल्या मावशीचं पांघरूण एका माणसाने ओढलं, तेही एकदा नाही, लागोपाठ तीन दिवस. तिसऱ्या दिवशी तिने उशाची वीट उचलून त्याच्या तोंडावर मारली. त्याचा डोळा गेला आणि तिला सहा वर्षांची शिक्षा लागली. पश्चात्ताप होतो का, असं न्यायाधीशांनी विचारलं, तेव्हा "डोळ्याचा होतो साहेब, विटेचा नाही" असं सांगून तिने स्वतःच्याच वकिलाला कपाळावर हात मारायला लावला.

आत ती शिवणकाम शिकली. पंचावन्नाव्या वर्षी सुईत दोरा ओवायला शिकणारी बाई म्हणून आधी सगळ्यांनी तिची थट्टा केली आणि वर्षभरात त्याच तिच्या हाताखाली बसून काजं करायला लागल्या. शिवणखात्यात बारा कात्र्या होत्या. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक कात्रीच्या आकाराची पांढरी खूण रंगवलेली होती आणि खाली आकडा. संध्याकाळी काम थांबलं की मावशी कात्र्या गोळा करून आपापल्या खुणेवर टांगायची. खूण उघडी दिसली की कात्री गेली. साडेचार वर्षांत एकही खूण उघडी दिसली नव्हती.

नेमकं हेच तिच्या मुळावर आलं. चांगल्या वर्तणुकीबद्दल कैद्याला शिक्षेत सूट मिळते. मावशीची वर्तणूक इतकी चांगली की सहा वर्षांची साडेचारच राहिली, आणि ऐन थंडीत एका सकाळी जेलरबाईंनी तिला खोलीत बोलावून सांगितलं की वीस तारखेला तुमची सुटका.

"बाई, थंडी सरेपर्यंत राहिले तर?" मावशीने विचारलं.

"हे काय माहेर आहे का मावशी, आणखी चार दिवस राहते म्हणायला?"

जेलरबाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी मावशीच्या भावाला पत्र घातलं होतं. भावाचं उत्तर आलं होतं: जागा लहान आहे, मुलगी लग्नाची आहे, समजून घ्यावे. मावशीने समजून घेतलं. समजून घ्यायची तिला जुनी सवय होती. निराधार बायकांच्या आधारगृहातही बाईंनी नाव घातलं होतं, पण तिथल्या यादीत मावशीच्या आधी चाळीस जणी होत्या.

"निदान मोकळ्या तरी व्हाल," जेलरबाई म्हणाल्या.

"मोकळं आहेच ना बाई बाहेर. इतकं मोकळं की पाठ टेकायला भिंत शोधावी लागते, आणि तीही दुसऱ्याची."

जेलरबाईंनी फाइल बंद केली.

बराकीत तिच्या शेजारच्या खाटेवर लहानी होती. वयाने सगळ्यांत लहान म्हणून लहानी. मालकिणीच्या घरातलं काहीतरी उचलल्याच्या आरोपाखाली आलेली, बाहेर आई आणि सहा वर्षांची मुलगी. तिला मावशीचं बोलणं ऐकवेना.

"वेड लागलंय का तुला? इथे न्हाणीघराला धड दार नाही. पाणी प्यायला उठायचं तरी विचारावं लागतं. ढेकूण तर असे की आपणच त्यांच्या घरात राहतोय. आणि तुला इथे राहायचंय?"

"ढेकूण तिकडेही आहेत. दार तर तिकडे न्हाणीघरालाच काय, कशालाच नाही," मावशी म्हणाली. "तुझं घर आहे ना बाहेर, म्हणून तुला हा तुरुंग वाटतो. तुझं चुकत नाही. मला या जागेचं प्रेम आहे असंही नाही गं. पण इथे झोपले की कुणी पांघरूण ओढत नाही."

लहानी कूस बदलून झोपली. मावशी जागी राहिली आणि तिने मनाशी ठरवलं: वर्तणूक चांगली म्हणून सोडतात ना, मग वर्तणूक बिघडवायची.

हे बोलायला सोपं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने शिपाईणबाईंना, म्हणजे एकोणीस वर्षं तुरुंगाच्या दारावर काढलेल्या, भुवई उचलली तरी बराक गप्प करणाऱ्या बाईला, सगळ्यांसमोर शिवी हासडली. शिवी साडेचार वर्षांत तोंडात न बसल्यामुळे अर्धीच आली. शिपाईणबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं, हात धरला आणि सरळ डॉक्टरकडे नेऊन रक्तदाब मोजायला लावला. मग मावशीने काम करणार नाही म्हणून जाहीर केलं. लहानीने तिच्या वाटणीची काजं केली आणि तिला वर आणखी एक उशी दिली. एकदा चांगलं नाव झालं की ते पुसायला किती कष्ट पडतात, हे मावशीला त्या आठवड्यात कळलं.

शेवटी तिने सात नंबरची कात्री लपवली. संध्याकाळी खूण उघडी ठेवून ती कात्री स्वतःच्या उशीखाली सरकवली आणि झडतीची वाट पाहत खाटेवर बसली. झडती झालीही. शिपाईणबाईंनी ओळीने गाद्या उलटल्या, ट्रंका उपसल्या, लहानीचं तर केस बांधायचं फडकंसुद्धा झटकून पाहिलं. मावशीच्या खाटेपाशी आल्या, उशीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मावशीचं काय बघायचं." आणि पुढे गेल्या.

त्या दिवशी सात नंबरच्या कात्रीने काम करत होती लहानी. तेव्हा संशय कुणावर जाणार हे उघडच होतं. जेलरबाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना उभं करून सांगितलं की लहानीची शनिवारची भेट बंद, आणि संध्याकाळपर्यंत कात्री मिळाली नाही तर बराकीतल्या एकूण एक जणीची महिन्याची सूट रद्द.

एकूण एक जणीची, म्हणजे मावशीचीही. महिना पुढे गेला की थंडी सरली. तिला काही करायचंच नव्हतं, फक्त तोंड मिटून बसायचं होतं. अख्ख्या आयुष्यात तिला हवी असलेली गोष्ट इतकी आयती कधी मिळाली नव्हती. समोर लहानी मशीनवर बसली होती आणि एकच शिवण तिसऱ्यांदा उसवत होती. तिची आई दोन बस बदलून नातीला घेऊन यायची, आणि भेट बंद झाल्याचं त्यांना दारात आल्यावरच कळणार होतं. मावशीने दुपारच्या जेवणापर्यंत कळ काढली. मग ताट तसंच ठेवून ती उठली, उशीखालून कात्री काढली आणि पदराखाली धरून जेलरबाईंच्या खोलीत गेली.

"ही घ्या. मी चोरली होती."

जेलरबाईंनी कात्रीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "लहानीला वाचवायला आलात."

"नाही बाई. शपथेवर सांगते. मला सूट नको होती म्हणून मीच उशीखाली ठेवली."

"बरं बरं," जेलरबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या आणि त्यांनी वही ओढून लिहिलं: हरवलेली कात्री स्वतः शोधून परत केली, चांगली वर्तणूक, दहा दिवस विशेष सूट; लहानीची भेट पूर्ववत. त्यांना वाटलं, जाता जाता हिचं थोडं भलं करावं. वीस तारखेची सुटका दहा तारखेवर आली. मावशी हसली. दुसरं काय करणार? मग तिथेच स्टुलावर बसून थोडी रडलीही.

लहानीला मात्र तिने खरं ते सांगितलं. लहानीने विश्वास ठेवला, आणि म्हणूनच रागावली. "माझ्या पोरीच्या भेटीवर उठलीस?" असं म्हणून दोन दिवस तिने अबोला धरला. शनिवारी मुलगी भेटून गेली, त्यानंतर लहानी मावशीच्या खाटेवर येऊन बसली आणि तिचे पाय चेपत राहिली. मावशीने नको म्हटलं नाही.

दहा तारखेला सकाळी कचेरीत तिचं बोचकं परत मिळालं: एक साडी, एक पेला, तुटक्या बंदाची चप्पल. जेलरबाईंनी स्वतःची जुनी शाल दिली आणि आधारगृहात पुन्हा विचारते म्हणाल्या. बायका दारापर्यंत पोचवायला आल्या.

घरातून निघताना आपण सगळे "येते" म्हणतो. "जाते" म्हणणं अशुभ. त्या तुरुंगात मात्र उलटा रिवाज होता. सुटून जाणाऱ्या बाईने दारात "जाते" म्हणायचं, आणि सवयीने "येते" निघून गेलं तर शिपाईणबाई तिला दोन पावलं मागे घेऊन पुन्हा म्हणायला लावायच्या, परत तोंड दिसू नये म्हणून. किती जणींना मावशीनेच मागून चिमटा काढून आठवण दिली होती.

लहानीने तिचा हात सोडला. मावशीने चप्पल घातली, शाल नीट केली, सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"येते," ती म्हणाली.

मागे कुणीतरी जीभ चावली. शिपाईणबाई किल्ली हातात धरून सवयीने म्हणाल्या, "चुकलं मावशी. मागे ये. जाते म्हण."

"चुकलं नाही," मावशी शांतपणे म्हणाली.

बाहेर धुकं होतं. रस्त्यावर अजून कुणी नव्हतं. शिपाईणबाईंनी त्या रस्त्याकडे पाहिलं, मावशीच्या चपलेकडे पाहिलं. जाते म्हण असं पुन्हा सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याच्याने ते म्हणवेना. मग घरातल्या कुणाला म्हणावं तसं हळूच म्हणाल्या,

"बरं. ये."