बाबांच्या लॅपटॉपवर कुठलं लिनक्स घालायचं?

गेल्या रविवारी लाटंबार्सेला माहेरी गेले. पर्समध्ये तीन पेन ड्राइव्ह आणि डोक्यात नुसता गोंधळ...

आमचे बाबा शाळामास्तर होते. सकाळी पेपर वाचल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. मग डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं निघालं आणि कागदावरची अक्षरं दिसेनाशी झाली.

भावाने, दिगंबरने, आपला जुना लॅपटॉप त्यांना दिला. त्यावर पेपर मोठ्या अक्षरात वाचता यायचा, पण तो उघडायची चिन्हं बारीक. त्यासाठी दरवेळी आईला हाक. पुढे लॅपटॉपही इतका मंद झाला की चालू करावा आणि आंघोळ उरकून यावं.

हळूहळू बाबांनी हाक मारणंच सोडलं. "आता पेपरात असता काय..." म्हणाले. नवीन टॅब आणू म्हटलं तर ऐकेनात. चालणारी वस्तू टाकायची नाही, हा त्यांचा नियम.

दिगंबर पुण्यात असतो. फोनवर म्हणाला, "ताई, त्याच्यावरचं विंडोज काढून लिनक्स घाल. फुकट असतं, जुन्या मशीनवर चालतं." मला वाटलं, झालं काम. लिनक्स म्हणजे एक वस्तू असेल, ती आणायची आणि घालायची.

तसं नसतं... बाजारात आंबे मागावेत आणि विकणारीने विचारावं, मानकुराद देऊ की मुसराद, तशी गत. आणि मला तर आंबा म्हणजे काय हेच ठाऊक नाही.

दिगंबर म्हणाला उबुंटू घे. मांद्रेला आमच्या पर्यटकांना भाड्याने द्यायच्या खोल्या आहेत, तिथे एक पाहुणा सगळा हिवाळा व्हरांड्यात बसून कॉम्प्युटरचं काम करतो. तो म्हणाला फेडोरा. फेसबुकवरच्या एका ग्रुपमध्ये विचारलं तर बरेच जण म्हणाले मिंट... आणि त्याखाली त्यांचं आपापसातच जुंपलं. माझा प्रश्न राहिला बाजूला.

मिंट घ्यावं म्हटलं तर त्यातही प्रकार. फरक काय, असं विचारलं की जे उत्तर यायचं, त्यातले शब्द पुन्हा गूगल करावे लागायचे. पदवीधर आहे मी, रूमचं बुकिंग सगळं ऑनलाइन करते... पण इथे काही म्हणजे काही कळत नव्हतं. दिवस ढकलत राहिले.

मग एकदा आईचा फोन आला. "बाबा हल्ली सोप्यावर नुसते बसून असतत गे." त्या दिवशी ठरवलं, चुकलं तर चुकलं.

दिगंबरने एक सोपी गोष्ट सांगितली. पेन ड्राइव्हवरून लिनक्स नुसतं चालवून बघता येतं, लॅपटॉपवरचं काही पुसलं जात नाही. व्हिडिओ कॉलवर त्याने माझ्याकडून तीन पेन ड्राइव्ह तयार करून घेतले, प्रत्येकावर एकेकाने सुचवलेलं लिनक्स.

तर रविवार. बाबा खुर्चीत, मी शेजारी, आई अधूनमधून डोकावतेय. पहिलं चालू केलं. दिसायला सुंदर, पण आमच्या म्हाताऱ्या लॅपटॉपला झेपेना. दुसऱ्यावर इंटरनेट लागेना. माझी चूक की त्याची, देव जाणे. बाबांना फक्त उजेड बदललेला कळत असावा.

तिसरं मिंट, त्यातलं सगळ्यात हलकं. तासाभराने पहिल्यांदा पेपर उघडला... हायसं वाटलं. पण चिन्हं बारीकच. अक्षरं मोठी करायला सेटिंगमध्ये शिरले, तर ती खिडकीच इतकी फुगली की तिची बटणं स्क्रीनच्या बाहेर गेली.

अशा वेळी ऑल्टचं बटण दाबून खिडकी ओढायची, असं दिगंबरने सांगितलं होतं. मी ऑल्ट दाबलं आणि घाईत टचपॅडवर एकाऐवजी दोन बोटं फिरवली... आणि अख्खी स्क्रीन सुजली. एकेक अक्षर तळहाताएवढं. बोट हलवलं की सगळंच सरकायला लागलं.

बिघडवलं मी. आता बंदच करावा म्हणून बटणाकडे बोट नेलं...

"राव गे बाय," बाबा मला थांबवत म्हणाले. "तसाच ठेव."

ते पुढे वाकले. माझा हात बाजूला करून स्वतःचं बोट ठेवलं. बोट जाईल तिथे स्क्रीन सरकत होती. कोपऱ्यातलं घड्याळ त्यांनी मोठ्याने वाचलं. मग चाचपडत पेपरावर आले, एक बातमी सोडली, दुसऱ्या बातमीवर थांबले.

"हे बघ," ते म्हणाले, "आशीर्वाद लिवताना शी ऱ्हस्व काढलाहा. दीर्घ जाय."

आई दारातच उभी राहिली. मी हसत होते की रडत होते, मलाच कळत नव्हतं.

मी काय केलं ते दिगंबरला विचारलं. म्हणाला, "ताई, काही बिघडलं नाही. ऑल्ट दाबून दोन बोटं सरकवली की स्क्रीन मोठी होते. ते त्यात असतंच." जुने फोटो वगैरे दुसरीकडे काढून घेतले आणि संध्याकाळी तेच कायमचं घातलं. आता बाबा लॅपटॉप स्वतः उघडतात. आईची तक्रार आहे की जेवायला हाक मारली तरी उठत नाहीत.

ग्रुपवर एकाने विचारलं, शेवटी हेच का निवडलं? काय सांगणार... त्या तिन्हींत नेमका फरक काय, हे मला आजही माहीत नाही. पण जगात कुठेतरी बसून, कुणाला तरी हे लागेल असा विचार करून ज्याने कुणी ही सोय त्यात करून ठेवली, त्याला लाटंबार्सेच्या एका मास्तरांच्या मुलीचा मनापासून नमस्कार.