जोडीच्या औषधात तिसरी गोळी

दर आठ आठवड्यांनी तेच बाकडं, तीच माणसं आणि तासन्‌तास सलाईन! मग किस्से साठणार नाहीत तर काय होईल?

आमच्या ह्यांना आतड्याच्या सुजेचा जुना आजार. रोज एक गोळी आणि आठ आठवड्यांनी सलाईनमधून इंजेक्शन, ही जोडी त्यांना छान लागू पडलीय. डॉक्टरबाईंचं एकच म्हणणं, "जोडी सुखानं नांदतेय. मला विचारल्याशिवाय तिसरं औषध घ्यायचं नाही. एखाद्या औषधाचं या गोळीशी वाकडं असतं, मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळतात!" म्हणून अधूनमधून रक्त तपासायचं.

*

आमच्या बाकड्यावरचे होटगीचे तात्या रेल्वेतून रिटायर झालेले. बाईंनी त्यांना सांगितलं, "तोंडात जातं ते सगळं पिशवीत घालून आणा."

तात्यांनी टेबलावर पिशवी उपडी केली. गोळ्या, चूर्ण, तंबाखूची पुडी आणि कवळी!

"तात्या, ही कशाला?"

"तोंडात जातंय ते आना म्हनला की तुमी!"

*

शाहीनभाभी शेजारच्या खाटेवरच्या. नणंदेनं दिलेला काढा त्या रोज गुपचूप प्यायच्या. पकडल्या गेल्या तेव्हा म्हणाल्या, "डॉक्टरसाब, दवा नै है वो, झाड़ का पत्ता है!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "भाभी, तंबाकू भी झाड़ का पत्ताच है."

तात्यांनी मान फिरवली!

*

माझा सोमवारचा उपास, त्यात हेही हौसेनं सामील. एकदा गोळ्या मोजल्या तर चार जास्त! विचारलं तर म्हणाले, "जेवणानंतर घ्यायची गोळी. सोमवारी जेवण कुठं असतं?"

मी बाईंना सांगितलं. त्यांनी ह्यांना विचारलं, "खिचडी किती खाता?"

"दोन ताटल्या."

"मग गोळीच्या लेखी ते जेवणच! उपास तुमचा आहे, तिचा नाही."

*

पण यंदाच्या रक्ताच्या रिपोर्टनं हसू पळालं. पेशी एकदम खाली! सलाईन पुढं ढकललं, रोजची गोळी थांबवली. "दुसरं काही घेता का?" बाईंनी तीनदा विचारलं. ह्यांनी तीनदा मान हलवली, "छे!"

मी घरी येऊन देवापुढं दिवा लावला आणि सिद्धरामेश्वराला सांगितलं, "ह्यांच्या पेशी वर येईपर्यंत चहा सोडला." माझं डोकं दुपारपर्यंत ठणकायला लागलं, पण देव ऐकणार याची खात्री होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी माझ्यासमोर कप ठेवला. मी तो बाजूला सारला. हे खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले.

"अगं, घे चहा. देवाला कशाला कामाला लावतेस? माझंच चुकलं."

वेळापूरला लग्नात ह्यांचा पायाचा अंगठा सुजला होता म्हणे. ह्यांच्या मामांनी खिशातून स्वतःच्या युरिक ॲसिडच्या गोळ्यांचं पाकीट काढून दिलं, "घे रं, लई गुनाची हाय!" आणि हे तेव्हापासून ती रोज घेत होते! "बाई रागावतील म्हणून बोललो नाही."

मी चप्पल घातली, ह्यांना पुढं घातलं, पाकीट बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि चहाच्या नवसापासून सगळं सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला. "सगळी औषधं सोडून तुमच्या गोळीशी वाकडं असलेली नेमकी हीच सापडली?" ती बंद झाली. पेशी हळूहळू वर आल्या, सलाईनही झालं, आणि मी चहा घेतला.

परवा ह्यांची फाइल माझ्या हातात होती. पहिल्याच पानावर बाईंनी लाल पेनानं लिहिलंय :

'इतर औषधं घेतात का, हे पेशंटला विचारू नये. त्यांच्या बायकोचा चहा चालू आहे का, ते विचारावं.'