बायनाबाईची साक्ष

पिंगळीच्या स्टेशनामागच्या वस्तीत पत्र्याचं एक शेड आहे. आठवड्यातले सहा दिवस तिथं कुणाचं तरी सोयाबीनचं भुसकट पडलेलं असतं आणि रविवारी सकाळी ते कोपऱ्यात लोटून, सतरंज्या अंथरून ख्रिस्ती मंडळीची उपासना भरते. माणसं असतील तीस-पस्तीस. गाणी झाली, प्रार्थना झाली की व्यंकटराव पाळक विचारतात, "साक्ष कोण देणार?" मग ज्याच्यासाठी देवानं त्या आठवड्यात काही केलं असेल त्यानं उभं राहून ते सांगायचं आणि बाकीच्यांनी "आमेन" म्हणून टाळ्या वाजवायच्या. कुणाची आटलेली म्हैस दूध द्यायला लागलेली असते, कुणाच्या पोरीचं जमलेलं असतं, कुणाचा ताप तीन दिवसांत उतरलेला असतो. ताप तीन दिवसांत तसाही उतरतो, पण असं म्हणायची तिथं रीत नाही.

बायनाबाई दर रविवारी पेडगावहून येते. आधी रिक्षानं परभणी, मग परभणीहून पिंगळी. दाराजवळ बसते, पदर डोक्यावर, डोळे खाली. सहा वर्षांत ती साक्षीला उठलेली नाही आणि कुणी तिला उठ म्हटलेलंही नाही. तिची एकच साक्ष अशी जबर होती की ती पुढं तीनशे रविवार पुरली.

तिचा नवरा लिंबाजी परभणीच्या मोंढ्यात हमाल होता. क्विंटलभर तुरीचं पोतं पाठीवर घेऊन हा गडी फळीवरून असा चढायचा की बाकीचे बिडी विझवून बघत राहायचे. तोंड मात्र फाटकं. देवाला शिवी द्यायचा नाही, एवढाच काय तो त्याचा धर्म. एका सकाळी पोतं पाठीवर घेता घेता तो खाली बसला तो उठलाच नाही. उजवी बाजू गेली होती. बारा दिवस दवाखान्यात काढून त्याला खाटेवर टाकून घरी आणलं. मंडळीनं एकवीस दिवसांची प्रार्थना धरली आणि विसाव्या दिवशी लिंबाजी खाटेचा पाय धरून उभा राहिला. अंगणातल्या लिंबापर्यंत चालत गेला आणि तिथं झाडाला टेकून ढसाढसा रडला.

त्या रविवारी बायनाबाईनं त्याला काठी देऊन शेडात चालत आणलं आणि तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, "माझा मालक मेल्यात जमा होता. माझ्या प्रभूनं त्याला उठिवलं." टाळ्यांनी पत्रे दणाणले. एक शब्द खोटा नव्हता त्यात.

खोटं पुढं आलं, आणि तेही खोटं बोलायच्या हेतूनं नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या होत्या, एक रक्तदाबाची, एक रक्त पातळ राहायची. त्या रोज चुकवायच्या नाहीत, असं बजावलंही होतं. सोमवारी सकाळी बायनाबाईनं गोळी हातावर घेतली आणि तिचा हात तिथंच थांबला. काल चारचौघांत देवानं बरं केलं म्हणून सांगायचं आणि आज दार लोटून गोळी द्यायची, म्हणजे देवाला लबाड ठरवण्यासारखं झालं. तिला असं कुणी सांगितलं नव्हतं. पाळकांनीही नाही. भोळ्या माणसाला चूक करायला गुरू लागत नाही. तिनं गोळ्यांचा डबा उतरंडीत सगळ्यात खालच्या मडक्यात ठेवून दिला.

एकोणीस दिवसांनी लिंबाजी जेवता जेवता आडवा झाला. या वेळी दोन्ही पाय गेले, वाचा गेली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पण उशीर झाला होता. उरला एकच शब्द, "मायला!" भूक लागली तरी मायला, पाणी हवं तरी मायला, सासरच्या लेकीची आठवण आली तरी तेच. पाळक एकदा भेटायला आले तेव्हा बायनाबाई म्हणाली, "आज जरा बरं न्हाई त्यांला." पाळकांनी प्रार्थना केली, लिंबाजीनं आपल्या परीनं आमेनच्या जागी मायला म्हटलं आणि पाळक चहा न घेता गेले. त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. तोवर ती साक्ष त्यांनी चार गावांत सांगितलेली होती, दोन गावांत तिच्या जोरावर नवी घरं मंडळीत आली होती. माणूस वाईट नाही, पण कुणी तरी उठून चालला हे सांगायला मिळणं हा पाळकाच्या तोंडी पडलेला घासच असतो, तो तोंडातून काढणार कसा?

पुढं कुणी विचारलं की बायनाबाई म्हणायची, "बरे हायेत. शेताकडं असत्यात." रविवारी शेजारीण लिंबाजीकडं बघायची, पण पेडगावात ख्रिस्ती घर तिचं एकटीचं, त्यामुळे पिंगळीपर्यंत खबर जात नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या मुठीत सहा वर्षं काय होतं ते तिचं तिला माहीत: एक मडकं, एक गोळ्यांचा डबा, आणि रोज पहाटे उठल्यावर पहिला विचार, मी ह्याला मारलं.

गेल्या श्रावणात एका गुरुवारी, दुपारचं, एक बाई दारात येऊन उभी राहिली. वय तिशीच्या आतलं, पायांवर धूळ, हातात कापडी पिशवी.

"ख्रिस्ती बायनाबाई तुमीच का? मी मनिषा. राणीसावरगावहून आले बगा. पाळकांनी तिथं तुमची साक्ष सांगितली."

बायनाबाईचे दोन्ही हात आपोआप दाराच्या दोन्ही बाजूंना गेले.

मनिषाच्या नवऱ्याला, पंडितला, तीन महिन्यांपूर्वी लकवा झाला होता. ट्रॅक्टर चालवणारा माणूस, आता भिंतीला टेकून बसतो, थोडं बोलतो. दोन लहान पोरी. हे सगळं तिनं एका दमात सांगितलं आणि मान वाकडी करून आत बघत म्हणाली, "मामा कुटं हायेत? मला निस्ते त्यांचे पाय बगायचेत. चालणारे पाय."

"शेताकडं गेलेत," बायनाबाई म्हणाली.

"आसू द्या, आसू द्या. चालत गेले का?"

बायनाबाईनं मान हलवली. ती हो म्हणून हलली की कशीही, मनिषानं ती हो म्हणूनच घेतली. आतून आवाज आला, "मायला!" मनिषानं विचारलं, "कोण हाय?" बायनाबाई म्हणाली, "टीव्ही." तिला स्वतःची शिसारी आली, पण जिभेला सहा वर्षांची सवय होती.

मनिषानं तिचा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि प्रार्थना करा म्हणाली. बायनाबाईनं चार वाक्यं कशीबशी म्हटली. मग पिशवी उचलता उचलता मनिषा म्हणाली, "माझं मन घट झालं मावशी. आज सांजपासून ह्यांच्या गोळ्या बंद. एका हातात इस्वास आन एका हातात गोळी, देवाला आवडत आसंल का? तुमीच सांगा."

मनिषानं डोळे पुसले, हसली आणि निघाली.

बायनाबाई दारातच उभी राहिली. गल्लीच्या टोकाला ती पिशवी दिसेनाशी झाली. आपण गप्प राहिलो तर कुणाला काय कळणार आहे, असं तिच्या मनात आलं. खरंच आलं, ते लपवण्यात अर्थ नाही. राणीसावरगाव किती लांब, तिथं कोण पंडित, तो पडला काय नि राहिला काय. सांगावं तर साक्ष जाईल, मंडळी जाईल, रविवारची तेवढी एक जागा जाईल. हे सगळं मनात असतानाच तिचे पाय मात्र निघाले होते. चप्पल घालायचंही सुचलं नाही. साठीची बाई भर उन्हात रिक्षा थांब्यापर्यंत पळत गेली आणि रिक्षात बसलेल्या मनिषाचा दंड धरून तिनं तिला खाली ओढलं.

"चल. तुला पाय बगायचेत ना, चल."

घरात आणून तिनं खाटेवरचं पांघरूण बाजूला केलं. काटकुळे झालेले दोन पाय. लिंबाजीनं परक्या बाईकडं बघितलं आणि लाजून तोंड भिंतीकडं फिरवलं.

"एकोणीस दिवस चालले," बायनाबाई म्हणाली. "गोळ्या म्या बंद केल्या. तू आत्ता जे बोललीस ना, तेच बोलून. कुणी सांगितलं न्हवतं मला. म्या केलं हे."

मनिषा खाली बसली. मग तिनं विचारलं, "मंग त्या दिवशी चालले ते?"

"ते खरं हाय. माझ्या डोळ्यानं पाह्यलं."

"देवानं उठिवलं, मंग पडू का दिलं? तुमाला कळत न्हवतं, त्याला तर कळत होतं ना?"

"मला न्हाई म्हाईत, माय."

"मी दोन गाड्या बदलून आले. निघताना आमचे मालक तीन महिन्यांत पहिल्यांदा हसले. पोरींला म्हणाले, तुमची माय औषध आणायला चालली. आता घरी जाऊन काय सांगू मी?"

यावर एखादं वचन सांगायला हवं होतं. बायनाबाईला दहा-वीस वचनं पाठ होती आणि त्यातलं एकही तोंडाशी येईना. तिला आठवली तानुबाई. पंचवीस वर्षांपूर्वी बायनाबाईची दोन लेकरं एका महिन्यात गेली तेव्हा ही म्हातारी ख्रिस्ती बाई कुठून तरी आली आणि नऊ दिवस तिच्या ओट्यावर बसून राहिली. प्रार्थना नाही, उपदेश नाही. भाकरी करायची, बायनाबाईच्या तोंडात घास घालायची, पुन्हा बसायची. बायनाबाई देवाकडं वळली ती त्या बसण्यामुळं. म्हणून आता तिनं चहा ठेवला आणि मनिषाजवळ भुईवर बसली. मनिषानं चहाला हात लावला नाही. उठताना म्हणाली, "तुमी माझं समदं घेतलं, मावशी."

"घेतलं. पर गोळी दे त्यांला. माझा नंबर लिहून घे. दिली, एवढंच सांग."

मनिषानं मान वर न करता नंबर फोनमध्ये टाकला आणि गेली. शुक्रवारी फोन आला नाही. शनिवारीही नाही. कुठंही फोन वाजला की बायनाबाई हातातलं टाकून आपला फोन बघायची.

रविवारी पाळकांनी विचारलं, "साक्ष कोण देणार?" बायनाबाई उठली तशी बायकांनी आधीच टाळ्यांसाठी हात पुढं केले. ती म्हणाली, "माझा मालक उठला होता. एकोणीस दिवस. मंग म्या त्याच्या गोळ्या बंद केल्या आन तो पडला. सहा वर्सं तो खाटेवर हाय. मी तुमाला खोटं सांगितलं. रोज प्रार्थना करते, रोज न्हाई म्हनून जाब येतो. ज्याच्या घरी गोळ्या चालू हायेत त्यांनी बंद करू नका. एवढीच साक्ष हाय."

आमेन कुणी म्हटलं नाही. एका पोराची आई पदरानं त्याचं नाक पुसत राहिली. पाळकांनी गडबडीनं गाणं उचललं. उपासना सुटल्यावर बायका नेहमी सलाम करून हात हातात घेतात, त्या दिवशी सगळ्यांना चपला शोधायची घाई होती.

पाळक एकटे तिच्याजवळ आले. चेहरा उतरलेला. "बायनाबाई, तुमच्या साक्षीवर किती लोकं उभी हायेत, ठाव हाय का? मी त्यांला काय सांगू आता?"

"तुमी त्या दिवशी पाह्यलं होतं ना त्यांला खाटेवर? तेच सांगा."

पाळक वाकून सतरंजी गुंडाळायला लागले. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

घरी येऊन तिनं लिंबाजीला पुसलं, कपडे बदलले, भाकरी दुधात कुस्करून भरवली. तिला कशाचंच हलकं वाटत नव्हतं. खरं बोललं की मन मोकळं होतं म्हणतात, तसं म्हणणाऱ्याचं काही गेलेलं नसावं. तिचा नवरा तसाच होता, मंडळी गेली होती, आणि राणीसावरगावात काय झालं ते कळायला मार्ग नव्हता. ती देवावर चिडली होती. खाटेच्या कडेला डोकं टेकून ती म्हणाली, "ह्यांला उठव आसं आता मी म्हनत न्हाई. समदे गेले. तू बी जाऊ नको, बास."

लिंबाजीला ठसका लागला म्हणून ती पाणी द्यायला उठली.

दिवस मावळता मावळता फोन वाजला.

"दिली," पलीकडून मनिषा म्हणाली. "तिन्ही दिवस दिली."

"बरं केलंस, माय."

"पर मला आता देवाचं काई सांगू नका."

"न्हाई सांगत."

फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. पोरींचा कालवा ऐकू येत होता. मग मनिषा दबक्या आवाजात म्हणाली, "मावशी, ह्यांच्या कमरेला जखम व्हायलीय. चिघळायलीय. मामांच्या अंगावर एक डाग न्हवता, मी पाह्यलं. सहा वर्सांत तुमी काय करता?"

"दर दोन घंट्याला कूस बदलते. गुडघ्याच्या मधी जुन्या लुगड्याची घडी ठिवते. कोमट पाण्यानं पुसायचं, कोरडं करायचं, अंथरुणाला घडी पडू द्यायची न्हाई. अन उद्या त्यांला दवाखान्यात दाखव, जखम हाय म्हनून सांग."

"रात्रीबी उठायचं?"

"उठायचं."

"किती दिवस करायचं आसं, मावशी?"

बायनाबाईनं फोन खांद्यात धरला आणि दोन्ही हातांनी लिंबाजीला भिंतीकडून आपल्याकडं वळवलं.

"मी आजून करायलेय, माय," ती म्हणाली.