मधले दोन दिवस

पालिकेच्या आरोग्य विभागात तिला सगळे ‘पट्टीबाई’ म्हणत. हातात कायम पट्टी आणि बोलणंही तसंच सरळ. साथ आली की रोजच्या नव्या रुग्णांचे ठिपके तक्त्यावर मांडून रेषेने जोडायचे, हे तिचं काम.

त्या वर्षी जुन्या वसाहतीत नळाच्या पाण्यातून कावीळ पसरली. रेषा चढत गेली, मग जरा उतरू लागली. तेवढ्यात प्रयोगशाळेचं यंत्र बिघडलं आणि दोन दिवस आकडेच आले नाहीत. यंत्र सुरू झालं त्या दिवशी मोजकेच अहवाल निघाले. साहेबांना संध्याकाळी वार्ताहरांसमोर बसायचं होतं. मधली जागा रिकामी बरी दिसत नाही, ठिपके जोडा आणि अंदाज काढा, असं ते म्हणाले. तिने जोडले. रेषा घसरगुंडीसारखी खाली आली. तीच पुढे ओढून साहेबांनी जाहीर केलं, साथ ओसरली. वसाहतीत येणारे पाण्याचे टँकर बंद झाले.

तिचा धाकटा भाऊ त्याच वसाहतीत राहायचा. बायकोला सातवा महिना, त्यात पाणी उकळून उकळून ती मेटाकुटीला आलेली. आता उकळायची गरज आहे का, असं त्याने फोनवर विचारलं.

“रेषा उतरतेय,” ती म्हणाली. “घाबरू नकोस.”

तुंबलेले अहवाल आठवड्याने आले. त्या दोन दिवसांतच सगळ्यात जास्त रुग्ण होते. तिने लगेच फोन केला, पण तोवर घरात नळाचंच पाणी न उकळता चाललं होतं. महिन्याभराने भावजय पिवळी पडली. गरोदर बाईला ही कावीळ जिवावर बेतते, हे विभागात शिपायालाही ठाऊक होतं. ती गेली, पोटातलं बाळही गेलं.

साहेबांनी तक्ता नव्याने काढून घेतला. आकडेच उशिरा आले, त्याला कोण काय करणार, असं म्हणाले आणि पुढे बढतीवर गेले. तिला कुणी जाबही विचारला नाही. तेच तिला जास्त लागलं.

ती भावाकडे गेली. त्याने दार उघडलं, पण आत ये म्हणाला नाही.

“ताई, तू खोटं बोलली नाहीस. पण ‘मला माहीत नाही’ म्हणायला तुझी जीभ का वळली नाही?”

ती जिना उतरली.

भावाने पुढे वसाहत सोडली. नवा पत्ता तिला त्याच्या शेजारणीकडून कळला. त्याने स्वतः दिला नव्हता, म्हणून ती कधी गेली नाही.