आजोबांचा खोकला

माझे काका पंचविशीच्या आतच म्हातारे झाले आणि पुढं कायम म्हातारेच राहिले. नाटक कंपनीत दाढीमिशा चिकटवून कधी सासरा, कधी दिवाण, कधी मरणारा बाप, हेच त्यांचं काम. बोलपट आले तेव्हा तिथंही त्यांच्या वाट्याला म्हातारेच आले. पहिल्या दिवशी त्यांनी सवयीनं शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा आवाज लावला, तर आवाज टिपणारा माणूस कानावर हात ठेवून धावत बाहेर आला म्हणे, "अहो, यंत्र फुटेल माझं!" पुढं काकांचे केस खरोखर पिकले आणि कामं बंद झाली. "म्हातारे असे चालत नाहीत," असं एका नव्या दिग्दर्शकानं त्यांना तोंडावर सांगितलं.

पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी ते एक ट्रंक घेऊन औरंगाबादला आमच्याकडं राहायला आले. वडिलांनी धाकट्या भावाला बाहेरची खोली दिली, पण बोलणं टाकलेलं होतं ते टाकलेलंच ठेवलं. आजोबा शेवटच्या आजारात होते तेव्हा काकांची कंपनी जालन्याला होती. वडिलांनी तार केली. काका आले नाहीत. त्या आठवड्यात ते तिथं रंगमंचावर मरत होते, आणि इथं घरी आजोबा खरोखरच वारले.

त्यामुळं दोघांमधला दुभाष्या मी. काका हातभर अंतरावर बसलेले असायचे आणि वडील मला सांगायचे, "त्याला म्हणावं, चहा निवतोय." मी काकांकडं वळून तेच म्हणायचो. तेव्हा मला नुकती नोकरी लागली होती. कचेरीत माझं कुणी ऐकत नसे, घरी निदान एवढा मान होता.

अशात काकांचा एक जुना बोलपट इथल्या टॉकीजला दुपारच्या खेळाला लागला. काकांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि मला हळूच म्हणाले, "दादांना ने रे. त्यांनी माझं काम कधीच पाहिलं नाही. चांगलं म्हणू देत, वाईट म्हणू देत, मला म्हणाले म्हणजे झालं."

वडील कसले येतात! "असले तमाशे बघायला मी रिकामा नाही," म्हणाले. निजामाच्या अमलापासून कारकुनी करून नुकतेच घरी बसले होते, म्हणजे पुरते रिकामे होते. शेवटी आईच करवादली, "अहो, समोर बसला तर त्याचं तोंड बघत नाही, निदान पडद्यावर तरी बघा! तिथं तर तो काही मागायला येत नाही."

गेलो तिघं. काका मुद्दाम एक खुर्ची सोडून बसले. अर्ध्या चित्रपटानंतर त्यांचा प्रवेश आला. खाटेवर पडलेला बाप, मुलगा परगावी. बापाला खोकल्याची उबळ आली. दोन कोरडे ठसके, मग श्वास अडकल्यासारखा थांबा, मग एक लांबलचक ओढ. ती संपल्यावर त्यानं हात वर केला आणि जवळ कुणीच नसताना म्हणाला, "काही नाही, काही नाही."

वडील उभे राहिले. मागून आरडाओरडा झाला, "ओ पावणं, बसा की खाली! लई घाई झालीय व्हय घरी जायची?" ते बसले नाहीत. मीच त्यांना सदऱ्याला धरून खाली बसवलं.

बाहेर उन्हात आल्यावर वडील काकांसमोर जाऊन थांबले. कित्येक वर्षांत प्रथमच, माझ्याशिवाय.

"हा खोकला तुला कुठून मिळाला?"

काका सदऱ्याची बाही सारखी करू लागले.

"बाबांना तो शेवटच्या आठवड्यात लागला होता. त्याआधी नव्हता. तू तर आलाच नव्हतास."

"आलो होतो," काका म्हणाले. "दुपारच्या गाडीनं. गल्लीत, खिडकीखाली उभा होतो. आत आलो असतो तर परत जाणं झालं नसतं, दादा. रात्री प्रयोग होता."

"खिडकीखाली उभा राहून ऐकलंस?"

"हो."

"आणि घेऊन गेलास."

काकांनी मान डोलावली. काम चांगलं झालं की वाईट, ते वडिलांनी सांगितलं नाही. काकांनीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वडील कोट घालून एकटेच बाहेर पडले. तिसऱ्या दिवशीही. आजोबांचा एकही फोटो आमच्याकडं नव्हता. बोलपट इथून निघून सिल्लोडला तंबूत लागला, तेव्हा वडील एसटीनं तिथंही गेले. काका दारापर्यंत त्यांच्यामागं गेले. "मी येऊ का, दादा? मी तर त्यांना तेव्हा पाहिलंही नाही. नुसतं ऐकलं."

"तू त्याला सांग," वडील माझ्याकडं बघून म्हणाले, "घरी थांब म्हणावं."

मला काकांना सांगावं लागलं नाही. ते आधीच आत वळले होते.

गणपतीत आमच्या कचेरीचं नाटक होतं. त्यातल्या मरणाऱ्या बापासाठी दोघं सहकारी काकांना विचारायला घरी आले. काका काही बोलायच्या आत वडील आतून म्हणाले, "त्यानं काम सोडलंय."

काकांनी पाहुण्यांकडं बघून हात जोडले. "हो. सोडलंय."

मग तो बाप माझ्या गळ्यात पडला. माझी उंची, माझा आवाज आणि माझं पाठांतर पाहता कचेरीतल्या मंडळींचा नाइलाज किती होता ते कळेल. काकांनी मला महिनाभर तालीम दिली. बसायचं कसं, उठताना गुडघ्यावर हात कधी ठेवायचा, डोळे मिटण्याआधी कुठं बघायचं. शेवटच्या प्रवेशाला मी आपणहून खोकायला लागलो तशी त्यांनी माझं मनगट धरलं.

"खोकू नकोस."

"काका, म्हातारा मरतोय ना पण?"

"मरू दे. न खोकता मर. दादा समोर असतील."

वडील आले नाहीत. पहिल्या रांगेत त्यांच्यासाठी ठेवलेल्या खुर्चीवर साहेबांच्या मेव्हण्यानं टोपी ठेवली होती. मी खाटेवर पडून न खोकता मरत होतो, तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "म्हातारा तर लई ठणठणीत हाय की!" सगळं सभागृह हसलं. मलाही हसू येत होतं. पडद्याआड, विंगेत काका उभे होते. ते माझ्याकडं बघत नव्हते, त्या टोपीकडं बघत होते.